घरचं सॅम्पल

अक्का, तुझ्या रक्ताची काच अजून माझ्याकडेच आहे. लॅबमधल्या डाव्या खणात, लाकडी खोक्यात. कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, "अक्का". बाकीच्या काचांवर नंबर असतात. तुझ्या काचेवर कधीच नंबर नव्हता.

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी राहात्याला पुन्हा लॅबमध्ये बसायला लागलो. जो येतो तो म्हणतो, "सुभाषभाऊ, बहिणीचं ऐकलं. अचानकच झालं की." मी मान हलवतो. अचानक झालं नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. तू गेलीस त्याच्या पाच दिवस आधी तुझ्या रक्तात सगळं दिसत होतं. ते मी मायक्रोस्कोपखाली ठेवलं, पाहिलं, आणि तुला हसत घरी पाठवलं. दाजींना हे माहीत नाही. तुझ्या लेकीला, शीतलला माहीत नाही. त्यांना सांगायचं की नाही, यावर मी सोळा दिवस अडून बसलोय. म्हणून आधी तुला सांगतो. तुझ्यापुढं मला कधी धड बोलता आलं नाही. मी एक वाक्य सुरू करायचो आणि तू तीन करून मोकळी व्हायचीस. आता मध्ये बोलणारं कुणी नाही, तर शब्द सुचत नाहीत. तरी सांगतो.

तुझी कातडी लहानपणापासूनच तशी. कोपराच्या वळणात, गुडघ्यामागं, मानेवर. डॉक्टर एक्झिमा म्हणायचे, गावात इसब म्हणायचे, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते म्हणायचे, पोरीचं रक्त खराब हाय. आई तुला कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची आणि खाजवू नये म्हणून तुझ्या दोन्ही हातांना जुन्या सदऱ्याच्या बाह्या बांधायची. तसल्या बांधलेल्या हातांनी तू माझं दप्तर उचलून मला शाळेत न्यायचीस. मी सात वर्षांनी लहान. पोरं म्हणायची, सुभ्याच्या बहिणीला खरूज झालीय. ती खरूज नाही, ते कुणाला लागत नाही, एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. मी पुढं बघून चालायचो. गप्प बसायची माझी सवय तिथपासूनची आहे.

तू मात्र तशी नव्हतीस. दाजी तुला बघायला आले तेव्हा मावशीनं तुला लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. तू चहाचे कप ठेवलेस, आणि सगळ्यांसमोर बाह्या वर सारल्यास. "हे आधी बघून घ्या. कुनाला लागत न्हाई, पन जात बी न्हाई. मागनं म्हनाल, झाकून दिली." दाजी जरा वाकले, नीट बघितलं आणि म्हणाले, "आमची पेरूची बाग हाय. फवारनी लई असती. हात जपावं लागत्याल." एवढ्या बोलण्यावर लग्न ठरलं. पुढं तीस वर्षं तू हे सांगून हसायचीस. "मानूस बायको बघाया आलं आन् फवारनीचं बोलून गेलं." दाजी तिथंच बसलेले असायचे, काही बोलायचे नाहीत. पण फवारणीच्या दिवशी तुला बागेत पाऊल टाकू द्यायचे नाहीत, हेही मी पाहिलंय.

मी नगरला लॅबचा कोर्स करत होतो, तेव्हा सुट्टीत तुझ्याकडं आलो होतो. पिशवीत सरावाच्या काचा आणि सुया. कुणी बोट द्यायला तयार होईना. तू भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून दुसरा हात पुढं केलास. "टोच. मला काय रक्ताचं नवल न्हाई." ती काच घेऊन मी परत गेलो आणि रंगवली. पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल नावाची एक जात असते. निरोगी माणसाच्या शंभर पेशींत दोन-चार सापडतात. रंगवल्यावर आत केशरी-गुलाबी दाणे गच्च भरलेले दिसतात. आमचे सर म्हणायचे, ती सापडेपर्यंत धीर धरा. तुझ्या काचेत धीर धरावा लागला नाही. जिकडं नजर जाईल तिकडं त्याच. शंभरात एकवीस. सरांनी विचारलं, "कुणाचं रक्त हे?" मी म्हणालो, "एका पेशंटचं."

बहिणीचं, असं म्हणालो नाही. तेव्हाही नाही.

पुढं मी राहात्याला लागलो. खाली माझी लॅब, वर पॅथॉलॉजीचे डॉक्टर. ज्या काचेवर नंबर, ती शंका आली की वर जाते. डॉक्टर स्वतः बघतात, रिपोर्टवर सही त्यांची. पण घरच्यांचं नंबरला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भावकीतलं, शेजारचं, ओळखीचं कुणी आलं की रक्त घ्यायचं, बघायचं, तोंडी सांगून मोकळं व्हायचं. कागद नाही, सही नाही. नंबर लावला तर माणसाला वाईट वाटतं, आम्हाला परकं केलं म्हणून. याला आम्ही "घरचं सॅम्पल" म्हणतो. तू वीस वर्षं तशी येत राहिलीस, दोन-तीन महिन्यांतून एकदा, बाजाराला आलीस की.

एकदा तू म्हणालीस, "मला बघू दे की काय बघतूस ते." तुला स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटता येईना, म्हणून तू पदरानं झाकलास. खूप वेळ बसलीस. मग म्हणालीस, "लाल पेरू कापून ठेवल्यागत दिसतंय. बियांसकट." तेव्हापासून त्या पेरूवाल्या झाल्या. लॅबच्या दारातूनच तू विचारायचीस, "काय म्हनत्यात माझ्या पेरूवाल्या?" बाकावर बसलेले पेशंट एकमेकांकडं बघायचे. मी आतून आकडा सांगायचो. सोळा. चौदा. पुन्हा अठरा.

"मागल्या टायमाला चौदा हुत्या. ह्या बारी शेंगदानं खाल्लं, त्याचं हाय हे."

आकडा वर गेला की तू काहीतरी सोडायचीस. आधी अंडं, मग आंबट दही, मग वांगं. आकडा खाली आला की मलम सोडायचीस. मला ठाऊक होतं की ते असं चालत नाही. मी कधी जोर देऊन सांगितलं नाही.

एक भांडण आपलं राहूनच गेलं. आठवतं का, त्या दिवशी लॅबमध्ये कुणी नव्हतं. तू विचारलंस, "मला एक सांग. ह्या पेशी माझ्याच ना?"

"तुझ्याच."

"मग माझ्यावरच का उठल्यात?"

मी आयुष्यात इतकं लांब कधी बोललो नसेन. म्हणालो, अक्का, कातडी म्हणजे शेताचा बांध समज. तुझा बांध जन्मापासून जरा भुसभुशीत आहे. धूळ, साबण, औषधाचा वास, काहीही आत झिरपतं. कातडीत पहाऱ्याच्या पेशी असतात. त्या आत आलेलं धरतात आणि काखेतल्या, जांघेतल्या गाठीपर्यंत नेऊन दाखवतात. तिथं टी-पेशी असतात. त्यांनी एकदा ठरवलं की हा शत्रू, की त्या कातडीत येऊन ठाण मांडतात. रसायनं सोडतात, त्यानं खाज सुटते. पेरूवाल्यांनाही त्याच बोलावून घेतात. तू खाजवतेस, बांध आणखी फुटतो, आणखी काहीबाही आत येतं.

तू सगळं ऐकून घेतलंस. "म्हंजी पेरूवाल्यांची चूक न्हाई. त्यांना बलवल्यालं हाय."

"हो."

"आन् बलवनारीची?"

"तिचीही नाही. तिची ओळखण्यात चूक झाली."

"मंग चूक कुनाची?"

"कुणाचीच नाही, अक्का."

"असं कसं. खाज तर मलाच सुटती." आणि तू उठून गेलीस, रागावून. दारातून परत आलीस. "आन् भरून आल्याव, डाग गेल्याव परत तितंच का?" मी सांगितलं, बरं झाल्यावरही काही टी-पेशी त्या जागी राहूनच जातात, वर्षानुवर्षं. वरून कातडी कोरी दिसते, आत त्या असतात. तू कोपर वळवून बघत राहिलीस. "भाडेकरू हायती म्हन की. घर सोडंनात."

करोनात सगळी वस्ती गुळवेलीचा काढा प्यायला लागली, तशी तूही. मी म्हणालो, नको पिऊस. तुझी प्रतिकारशक्ती कमी नाही, ती भलत्या ठिकाणी खर्ची पडतेय. तिला आणखी चेव आणू नकोस. तू म्हणालीस, "वाढली तर शानी व्हईल." मी पुन्हा नको म्हणालो. तेव्हा तू जे बोललीस ते लागलं मला. "सुभ्या, तू माझ्या बाजूनं बोलतच न्हाईस. सारखा त्यांच्या बाजूनं बोलतूस." काढा बंद झाला की नाही, ते मी पुन्हा विचारलं नाही.

आता जे सांगायचंय ते याच्यापेक्षा अवघड आहे.

दोन वर्षांपूर्वी मी तुला संगमनेरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. शीतलनंच मागं लागून नंबर घेतला होता. तपासून झाल्यावर तू बाहेर गेलीस, शीतलला फोन लावायला. मी चिठ्ठी घ्यायला आत थांबलो. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लॅबमध्ये आहात ना? मग एक करा. बहिणीचे हे सारखे काउंट करणं बंद करा. आकड्यावर काही नाही. कातडीकडं बघा. ओल आली, पिवळी खपली धरली, ताप आला, तर दुसरं काही न बघता दवाखान्यात न्या. या कातडीतून जंतू आत जायला वेळ लागत नाही."

मी बाहेर जिन्यात आलो. तू विचारलंस, "काय म्हनलं?"

मी म्हणालो, "मलम रोज लाव म्हणाले. आंघोळ झाल्या झाल्या."

बाकीचं का सांगितलं नाही? सोळा दिवस हेच उकरतोय. विसरलो म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. मला ते लागलं होतं. अक्का, तुझ्यासाठी मला येत होतं ते एवढंच. बाकी तूच माझं सगळं केलंस. दप्तर उचललंस, बोट दिलंस, आई गेल्यावर माझं लग्न उभं केलंस. मी तुला फक्त तुझा आकडा देत होतो. तो डॉक्टर म्हणत होता, तो आकडा काही कामाचा नाही. मग तू लॅबच्या दारात कशाला आली असतीस? मी ते तिथंच, त्या जिन्यात, गिळून टाकलं.

आणि मग तो दिवस. पेरूची तोडणी चालू होती, थंडी कडक. तू शाल गुंडाळून आलीस, दाजींच्या गाडीवर. दाजी बाजारात गेले. बाकावर चार पेशंट होते. तू दारातून काही विचारलं नाहीस, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आत येऊन बसलीस आणि म्हणालीस, "अंग कसकसतंय रं. कालपासनं. पायाला बी लई आलंय ह्या बारी." मी तुझा हात धरला, तो गरम होता. म्हणालो, थंडीचं असेल. रक्त घेतलं. पाय बघितले नाहीत. लुगड्याच्या आत ओल होती, खपल्या होत्या, हे मला दवाखान्यात दिसलं.

आमचं मशीन पांढऱ्या पेशींचे तीनच ढीग करतं, पेरूवाल्या वेगळ्या दाखवत नाही. एक ढीग फार मोठा आला होता, एकूण आकडाही चढलेला. तापात चढतो, म्हणून मी पुढं गेलो. काच रंगवली. आणि मी पेरूवाल्या शोधायला लागलो. शंभर पेशी मोजल्या. एक नाही. मला खरं वाटेना. आणखी पन्नास मोजल्या. एक नाही. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मी खुर्चीतूनच म्हणालो, "अक्का, एकही नाही."

तू म्हणालीस, "काय एकबी न्हाई?"

"पेरूवाली. एकसुद्धा नाही. गेल्या सगळ्या."

तू माझ्याकडं बघितलंस. तापानं डोळे लाल होते, तरी हसलीस. "गेल्या व्हय? बिनभाड्याच्या ऱ्हात हुत्या." बाकावरची एक म्हातारी पण हसली. मी तुला तापाची गोळी दिली. नंबर लावलेली काच असती तर एवढ्या चढलेल्या आकड्यावर ती वर गेली असती. डॉक्टरांनी एक नजर टाकली असती, एक मिनिट. तुझी गेली नाही. घरचं सॅम्पल.

त्या कुठं गेल्या होत्या, ते मला माहीत होतं, अक्का. कोर्समध्ये शिकवलं होतं, मी स्वतः दुसऱ्यांना शिकवलंय. अंगात मोठा जंतुसंसर्ग पेटला की इओसिनोफिल रक्तातून दिसेनाशा होतात. बऱ्या झाल्या म्हणून नाही. तू गेल्यावर चौदाव्या दिवशी मी खण उघडला आणि तीच काच पुन्हा लावली. सगळीकडं कोवळ्या पेशी होत्या, अर्धवट वाढलेल्या, वळलेल्या नालासारख्या. लढाई हाताबाहेर जायला लागली की हाडांतल्या मज्जेतून त्यांना वय न बघता बाहेर काढतात. जुन्या पेशींच्या पोटात काळपट दाणे पडलेले. नवशिक्यानंही ओळखलं असतं. मी त्या दिवशी दीडशे पेशींवरून नजर फिरवली होती आणि जी नव्हती तेवढीच पाहिली होती.

पुढचं मला दाजींकडून आणि शीतलकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या दिवशी घरी गेल्यावर तू चुलीवर वांगं भाजलंस. अकरा वर्षांनी भरीत केलंस. शीतलला फोन करून म्हणालीस, "सुभ्यानं सोडवलं मला." संध्याकाळी हुडहुडी भरली. दाजी म्हणाले, दवाखान्यात जाऊ. तू म्हणालीस, "सकाळीच सुभ्यानं रक्त बघितलंय. काय बी न्हाई त्यात." दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या दिवशी तू दाजींना ओळखेनास, तेव्हा त्यांनी गाडी बोलावली आणि मला फोन केला. नगरच्या दवाखान्यात तुझ्या हाताला पट्टी बांधली, तिच्यावर नंबर होता. तिथल्या पोरीनं तुझं रक्त घेतलं आणि पळत गेली. मी काचेच्या दाराबाहेर उभा होतो. डॉक्टर दाजींना सांगत होते, कातडीच्या जखमांतून जंतू रक्तात गेलेत, फार पसरलंय, जरा आधी आणायला हवं होतं. दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांच्या मनात माझं नावही नव्हतं. ते स्वतःलाच बोल लावत होते.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. त्या माणसानं ते ओझं उचललं आणि मी उचलू दिलं. तेराव्याला आलेल्यांना ते सांगत होते, "मीच ऐकायला नगं हुतं तिचं. उचलून न्यायला पायजे हुती." मी शेजारी बसून पाहुण्यांना पाणी देत होतो.

एवढं लिहून मी थांबलो होतो. मधे सहा दिवस गेले. रविवारी मी वस्तीवर गेलो.

दाजी शेडमध्ये पेरू निवडत होते. शीतल सुट्टीला आलेली, क्रेटला कागद लावत होती. मी काच रुमालात गुंडाळून नेली होती. का नेली, सांगता येत नाही. तिथं ती कोण बघणार होतं? बसलो, पाणी प्यालो, आणि सगळं सांगितलं. संगमनेरच्या डॉक्टरांचंही. दाजींचे हात चालूच होते, डागी पेरू एकीकडं, चांगला एकीकडं. मी "एकही नाही असं मी तिला म्हणालो" इथं आलो तेव्हा ते थांबले.

शीतलनं विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर वाचली असती?"

"माहीत नाही."

"मामा, तुम्हाला माहीत नाही म्हणजे?"

"त्या दिवशी दवाखान्यात गेली असती तर वाचलीही असती. नक्की सांगता येत नाही. नसती वाचली, असंही म्हणता येत नाही."

तिनं हातातला कागद क्रेटमध्ये ठेवला. "मग हे मला कशाला सांगितलं? मी याचं काय करू?"

दाजी दोषी नाहीत हे सांगायचं होतं, असं म्हणणार होतो. पण ते तेवढ्यासाठी नव्हतं आणि ती ओळखून होती.

"तुम्हाला हलकं वाटलं ना?" ती म्हणाली. "बरं झालं." आणि घरात गेली.

दाजींनी हातातला पेरू खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "सुभाषराव, हे हितंच ऱ्हाऊ द्या. गावात बोलू नगा. तुमाला लॅब चालवायची हाय."

"दाजी, तुम्ही मला काही बोलत का नाही?"

"काय बोलू? तुमी तिचा भाऊ. मी तिचा नवरा. दोगंबी शेजारी हुतो." ते पुन्हा निवडायला लागले. "तिला बोलायला येत हुतं. मला कुठं येतंय."

खरं आहे ते. तू असतीस तर बोलली असतीस. सुभ्या, मेल्या, डोळं हुतं का बटनं, असं काहीतरी. गावभर केलं असतंस, दोन महिने माझ्या दारात पाय ठेवला नसतास आणि मग एक दिवस बाजारातून पिशवी घेऊन आली असतीस. माझ्याकडं तसं रागावणारं आता कुणी उरलं नाही. दाजी चांगले वागतात, ते मला सहन होत नाही. वरच्या डॉक्टरांना मी सांगितलं, तेही ओरडले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजपासून घरचं असं काही नाही. सगळ्या काचा वर आणा." मी आणतो. परवा शेजारच्या काकूंना नंबर लावला तर त्या खरंच रुसल्या.

हे सगळं छापायला द्यावं असं मनात आलं, पण आधी मी दाजींना वाचून दाखवलं. गावात बोलू नका म्हणाले होते, म्हणून. संपल्यावर म्हणाले, "तिचं हसनं बरूबर लिवलंय. द्या."

शीतलला वाचून दाखवता आलं नाही. त्या रविवारी घरात गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅब उघडत होतो, तेव्हा तिचा फोन आला. आवाज अगदी साधा होता, शाळेत पोरांची हजेरी घेताना तिचा असेल तसा.

"मामा, मी रागावलेय. किती दिवस, मला सांगता येत नाही. तुम्ही फोन करू नका."

मी बरं म्हणालो.

"पण मी केला तर उचला," ती म्हणाली, आणि ठेवला.

आज अकरावा दिवस, अक्का. तिचा फोन अजून आलेला नाही. पेशी मोजताना आम्ही फोन बंद ठेवतो. मधेच वाजला की आकडा डोक्यातून जातो, मग शंभर पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागतात. मी आता चालू ठेवतो. मोजीन पुन्हा.